पिंगळीला गेलेली मराठी आकड्यांची काच

परभणीला चाललेय असं मी जिन्यात सांगितलं, तेव्हा समोरच्या वहिनींनी विचारलं, "कोण असतं तिकडे?" कोणी असल्याशिवाय माणूस परभणीला जात नाही, अशी आमच्या सोसायटीत समजूत आहे. कोणी नाही, काम आहे, म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं आणि टोपी घेऊन जा म्हणाल्या. फेब्रुवारीचा महिना होता. टोपी मी नेली नाही आणि त्याचा पश्चात्तापही झाला नाही. तेव्हा तिकडे जायचं मनात असेल, तर हवेचं सोडा. बाकी काय काय होतं ते सांगते.

आधी काम कोणतं ते सांगायला हवं, कारण ते ऐकून लोक हमखास टीव्हीच्या किमती विचारतात. मी काचेवर आकडे काढते. कॅल्क्युलेटर, वजनकाटा, विजेचा मीटर यांवर राखाडी पट्टीत जे काळे आकडे उमटतात, ती पट्टी म्हणजे द्रव-स्फटिकाची काच. टीव्हीची काच हीसुद्धा त्याच घराण्यातली, पण ती थोरली पाती. परदेशातल्या गावाएवढ्या कारखान्यांत होते. आमचा कारखाना पुण्याच्या कडेला, एका मंगल कार्यालयाच्या मागे आहे आणि लग्नसराईत आमच्या धूळबंद खोलीत सनई ऐकू येते. आम्ही तळहाताएवढ्या काचा करतो.

जगभर या आकड्यांना सात काड्या पुरतात. आठ काढला की सगळ्या काड्या आल्या. बाकीचे आकडे त्यातल्या काही विझवून होतात. पण ते इंग्रजी आकडे. मराठी पाच, मराठी नऊ सात काड्यांत बसवून बघा, म्हणजे माझं दुखणं कळेल. मी एकेका आकड्याला अकरा तुकडे केले, त्यातले काही वाकडे, एकाला चक्क शेपटी, आणि वजनकाट्यासाठी मराठी आकड्यांची काच काढली. प्रत्येक तुकड्याला वीज पोचवायला वेगळी वाट लागते, त्यामुळे काचेच्या कडेला वाटांची गर्दी झाली. आमचे मालक, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, ते ती काच उजेडात धरून म्हणाले, "नऊ जरा कुबडा आहे." मग त्यांनी ती करायला परवानगी दिली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, आनंदानं.

ते काटे विकले गेले आणि परभणी जिल्ह्यातल्या एका बचत गटाकडून तक्रार आली की आकडे येतात आणि जातात. परत आलेला काटा आमच्या टेबलावर ठणठणीत. दुसरा पाठवला, तोही परत, तोही ठणठणीत. मग सर्व्हिसचा प्रणव तो काटा पोचवायला म्हणून स्वतः जाऊन आला. त्याचं म्हणणं पडलं की काट्यात दोष नाही. तिथल्या बायकांना आकडे वाचता येत नाहीत. दादा मला म्हणाले, "हे बघ, ज्यांच्यासाठी केलं त्यांनाच वाचता येत नसेल, तर कशाला ही अकरा तुकड्यांची कसरत? सात काड्यांची तयार काच बाहेरून येते. तुझी काच बंद करू." मी म्हटलं, बंद करा, पण आधी मला बघून येऊ द्या. हे मी फार शांतपणे म्हटलं, असं मला वाटत होतं. बाहेरच्या खोलीतल्या मुलींनी नंतर सांगितलं की सगळं ऐकू आलं.

चुडावा, ठरलेलं नसताना

रात्रीचा प्रवास सोडून देते, झोपले होते. सकाळी परभणीला उतरून पॅसेंजरमध्ये बसले. उतरायचं होतं पिंगळीला, तिथे गटाची प्रमुख संगीता स्कूटी घेऊन उभी राहणार होती. समोर एक बाई मुलीकडे निघाल्या होत्या. त्यांनी धपाटे उघडले, मला न विचारता हातावर ठेवले, वर दही घातलं. आमच्याकडे चिपळूणला पाहुण्याला "घ्याल का?" असं तरी विचारतात आणि पाहुणा दोनदा नको म्हणतो. इथे नको म्हणायला जागाच ठेवत नाहीत. मी दोन्ही हातांनी खात होते आणि त्या बाईंना अकरा तुकड्यांचा नऊ कसा होतो ते सांगत होते.

पुढे एक मोठं जंक्शन आलं. पूर्णा. गाडी बराच वेळ उभी होती, मी खाली उतरून चहा प्याले, पाय मोकळे केले आणि परत डब्यात चढले. पिंगळी पूर्णेनंतर येते, असं मी स्वतःशी इतकं ठाम ठरवून टाकलं होतं की नकाशा बघायची गरज वाटली नाही. त्यानंतरच्या स्टेशनावर पाटी आली, चुडावा. मी दारात उभ्या असलेल्या एका निवृत्त मास्तरांना विचारलं, "पिंगळी किती दूर?"

"पिंगळी?" मास्तर म्हणाले, "ती तर कवाच मागं राह्यली की ताई. उतरा, उतरा, गाडी निघायलीय."

मी पिशवीसकट उतरले. मास्तरही उतरले, त्यांचं गाव तेच होतं. त्यांनी मला बाकावर बसवलं, टपरीवरून चहा आणला आणि उलट दिशेची गाडी कधी येईल ते दोघातिघांना विचारून खात्री केली. संगीताला फोन लावला तर ती हसतच सुटली. "म्याडम, आल्यासारखं चुडावा बगून घ्या. मी तवर दळण टाकून येते."

म्हणून मास्तरांबरोबर मी चुडावा बघितलं. स्टेशनाबाहेर पडलं की नजर अडवायला काही नाही. कोकणात आभाळ झाडांच्या फटीतून तुकड्या-तुकड्यानं दिसतं, इथे ते एका बाजूच्या बांधापासून दुसऱ्या बाजूच्या बांधापर्यंत आख्खं पसरलेलं. काळी माती, तीत करडई फुललेली, पिवळी-केशरी, हात लावायला गेले तर काट्यांनी बोट रक्ताळलं. पलीकडे ज्वारी कणसांनी जड होऊन एका बाजूला कललेली होती. मास्तर म्हणाले, तिच्याकडं या बांधावरून बघा, नुसती कणसं दिसतेत. पलीकडून बघितलं तर ताटंच ताटं. मी हो हो म्हटलं आणि बोट चोखत गाडीकडे निघाले.

पिंगळीच्या पुढचं गाव

गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या पोरींनी तसं बजावलंय. पिंगळी स्टेशनापासून स्कूटीवर थोडं आत. संगीता चाळिशीची, बारावी शिकलेली, स्कूटी चालवताना मागे वळून बोलणारी. मी पूर्ण वाटभर "पुढे बघ, पुढे बघ" एवढंच बोलले.

गटाची खोली लांबूनच कळते. येसर भाजायचा वास येतो. येसर म्हणजे धान्यं, डाळी आणि मसाले भाजून दळलेलं पीठ. चमचाभर पाण्यात कालवून फोडणीत सोडलं की आमटी तयार. इथल्या घरात हा डबा असतोच, आणि आता तो पाकिटांतून परभणीच्या दुकानांत जातो. खोलीत सतरंजीवर सात-आठ जणी बसून दोनशे-दोनशे ग्रॅमची पाकिटं भरत होत्या. मधोमध एक उंच चौरंग, त्यावर आमचा काटा. काट्याच्या कपाळावर कुंकवाचं बोट आणि वर झेंडूचं एक सुकलेलं फूल. आमच्या मालाची इतकी इज्जत मी आमच्या कारखान्यातही बघितलेली नाही.

मी आत पाऊल टाकलं तशी एक निळी प्लास्टिकची खुर्ची आली. शेजारून आणलेली, ओल्या फडक्यानं पुसलेली. "बसा म्याडम." मी खाली बसते म्हटलं तर सगळ्यांनी मिळून असा गलका केला की बसले. बाकी कोणीच खुर्चीवर नाही, सगळ्या खाली, मी एकटी वर, प्रवचन सांगायला बसल्यासारखी. चहा आला, पाणी आलं, परत चहा आला.

काट्याजवळ बसल्या होत्या सरूबाई. वय सत्तरीच्या आसपास, बारीक अंगाच्या, बोलायच्या आधी समोरच्याला पुरतं न्याहाळणाऱ्या. वजन करायचं काम त्यांचं. म्हणजे, होतं. प्रणव येऊन गेल्यापासून त्यांनी काट्याला हात लावला नव्हता.

"ते पोरगं मनलं, आजी, तुमाला वाचता येत न्हाई," सरूबाई मला म्हणाल्या. "मी प्रौढ वर्गाला जाऊन शिकले. कंदील घेऊन जायचे. नवऱ्यानं नाव ठेवलं, सासूनं ठेवलं, तरी गेले. एक ते शंभर पाठ हायत मला. अन् ते कालचं पोरगं मला सांगायलंय."

मी म्हटलं, "मला दाखवा, काय होतं ते."

त्यांनी चिमटीनं येसर पाकिटात घालून ते काट्यावर ठेवलं. आकडा आला, १८६. मला खुर्चीतून स्वच्छ दिसत होता, काळाभोर, नऊसुद्धा असता तर कुबडा दिसला नसता. सरूबाई खालून बघत होत्या. "गेले," त्या म्हणाल्या. मग गुडघ्यांवर उठल्या, काट्याच्या पाठीवर, म्हशीला थोपटावं तसं, हळूच थोपटलं आणि म्हणाल्या, "हं, आले बगा."

"आमी थोपटताव मग येतेत," संगीतानं खुलासा केला. "ठेवलं की पुन्ना जातेत."

मी तर आकड्याकडे सारखी बघत होते. तो ना गेला होता, ना आला होता. पण आपण कारखान्याचं माणूस. आकडे गेले असं कोणी म्हटलं की आपलं डोकं एकाच दिशेला पळतं: जोड सैल. काच आणि खालची पाटी यांच्यामध्ये एक रबराची पट्टी असते, तिच्यातून वीज आकड्यांत जाते. ती सैल असली की थोपटल्यावर आकडे येतात, हे आमच्या धंद्यात शाळकरी मुलालाही माहीत असतं. मी खुर्चीतच काटा मांडीवर घेऊन उघडला, पट्टी बदलली, स्क्रू आवळले, बॅटरी बदलली. सरूबाईंनी परत पाकीट ठेवलं.

"गेले."

मी परत उघडला. दुपार गेली. बायका पाकिटं भरता भरता मला बघत होत्या आणि मधूनमधून माझ्याबद्दल हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या. मला "बिचारी" एवढा शब्द ऐकू आला. शेवटी मी चिडले. मी म्हटलं, "सरूबाई, आत्ता, या क्षणी तिथे एकशे शहाऐंशी लिहिलेलं आहे."

"न्हाई," सरूबाई म्हणाल्या.

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. दोघींनाही वाटत होतं की समोरची खोटं बोलतेय, आणि दोघींनाही ते तोंडावर म्हणायचं नव्हतं.

रात्री जेवायला संगीताकडे. ज्वारीची भाकरी चुलीवरची, येसरची आमटी आणि करडईची भाजी. आम्ही भातवाले लोक, आमटी भातावर घेणारे. इथे भाकरी ताटात कुस्करून तिच्यावर आमटी ओततात, मध्ये खड्डा करून तेल घालतात. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. संगीता म्हणाली, "तिखट न्हाई घातलं म्याडम, तुमच्यासाठी." मी तशीच खात राहिले, नाक पुसत. इतकं चवदार रडू मला पूर्वी कधी आलं नव्हतं.

दुसरा दिवस

सकाळी सुशीला खाल्लं. चुरमुरे भिजवून फोडणीला टाकतात, पोह्यांसारखं दिसतं आणि पोह्यांपेक्षा हलकं लागतं. पोटात ऊब होती, पण मन खट्टू होतं. दादांचा फोन येऊन गेला होता. ते रागावले नव्हते, तेच वाईट. "ये परत आता," ते म्हणाले, "नाही जमलं तर नाही जमलं."

बायकांच्या प्रश्नांनी मला जरा बरं वाटलं. काचेत आकडे घालता कसे, असं धाकट्या एकीनं विचारलं. मी सांगायला बसले. दोन काचा. प्रत्येकीच्या आतल्या अंगावर एक थर, जो वीज नेतो पण दिसत नाही. तो नको तिथून खोडायचा, म्हणजे आकड्यांचे तुकडे आणि त्यांच्या वाटा तेवढ्या उरतात. मग वर लाखेसारखा एक लेप, आणि तो लेप मखमलीच्या फिरत्या रुळानं एकाच दिशेनं घासायचा.

"मखमलीनं?" सगळ्या एकदम.

"मखमलीनं. त्या घासण्यानं लेपावर एक दिशा बसते. मग दोन काचा एकमेकींवर, मध्ये पिठापेक्षा बारीक गोळ्यांची फट, कडेनं डिंक, आणि त्या फटीत द्रव. तो धड पाणी नाही, धड खडा नाही. त्याचे कण मखमल जिकडे फिरली तिकडे तोंड करून झोपतात. वीज आली की तेवढ्या तुकड्यातले कण उठून उभे राहतात आणि तो तुकडा आपल्याला काळा दिसतो."

"आमी बाई राखेनं घासताव," सरूबाई म्हणाल्या, आणि आदल्या दिवसापासून पहिल्यांदा हसल्या.

एवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. बँकेचे साहेब गटाची पाहणी करायला आले होते. खोलीत एकदम पदर सारखे झाले. संगीता माझ्याजवळ आली आणि कानात म्हणाली, "म्याडम, जरा उठताव का? खुर्ची एकच हाय."

खोटं कशाला सांगू, मला थोडं लागलं. काल मी देव होते, आज मला देव्हाऱ्यातून उठवलं. पण उठले आणि सतरंजीवर, सरूबाईंच्या शेजारी, मांडी घालून बसले. साहेब खुर्चीत बसले. संगीतानं कौतुकानं पाकीट काट्यावर ठेवलं.

"दोनशे चार," साहेब म्हणाले. "छान. मराठीत आकडे! स्वच्छ दिसायलेत."

मी मान वर करून बघितलं. काचेवर काही नव्हतं. रिकामी राखाडी पट्टी, नीट बघितलं तर कुठेतरी धुराची एक रेघ.

हळूच गुडघ्यांवर उठले. २०४. खाली बसले. काही नाही. उठले, २०४. बसले, गेले. उठले, बसले, उठले, बसले. बँकेचे साहेब चहाचा कप तोंडाशी धरून माझ्याकडे बघत होते.

"म्याडमला काय झालं?" कोणीतरी मागून विचारलं.

"सरूबाई," मी म्हटलं, "तुम्ही थोपटायला उठता ना, तेव्हा आकडे येतात. थोपटून नाही येत. उठून येतात."

आणि मग मी साहेबांना म्हटलं, साहेब, एक मिनिट खाली बसता का? ते भले गृहस्थ निमूट कप हातात घेऊन सतरंजीवर बसले, वर बघितलं आणि म्हणाले, "अरेच्चा."

गोष्ट अशी आहे. काचेतले कण उभे राहतात ते सरळसोट नाही, थोडे कललेले. ज्या बाजूला कल, त्या बाजूनं बघितलं तर आकडा दाट; उलट बाजूनं बघितलं तर फिका, किंवा नाहीच. आमच्या धंद्यात याला घड्याळाचं नाव आहे. वरून बघायची ती बाराची काच, खालून बघायची ती सहाची. मी ही काच काढली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे दुकानदार होता, गल्ल्याच्या मागे उभा, मान खाली घालून काट्याकडे बघणारा. म्हणून बाराची केली. चौरंगावर ठेवलेला काटा आणि खाली सतरंजीवर बसलेल्या बायका माझ्या डोळ्यांपुढे आल्याच नाहीत. प्रणवलाही त्यांनी खुर्ची दिली असणार. कारखान्यातून कोणीही आलं की त्याला मानानं वर बसवलं, आणि वर बसवलेल्या प्रत्येकाला आकडे स्वच्छ दिसले.

हे पटवायला मी काटा उचलला आणि उलटा, डोकं खाली करून, चौरंगाच्या उंचीवर धरला. उलट्या काट्यानं काहीतरी भलतंच वजन दाखवलं, पण खालून बघणाऱ्या सगळ्यांना आकडे दिसले, उलटे आणि काळेभोर. खोलीत असा आरडाओरडा झाला की शेजारची माणसं डोकावून गेली. एकीनं मान वाकडी करून ते वाचायचाही प्रयत्न केला.

"मग काटा खाली ठेवा, चौरंग काढा," बँकेचे साहेब म्हणाले. त्यांना आता यात फार रस वाटू लागला होता.

"लक्ष्मी हाय ती," संगीता म्हणाली. "जमिनीवर कशी ठेवायची? पाय लागतो."

"अन् कोंबड्या येतेत," दुसरी म्हणाली.

मी म्हटलं, चौरंग काढायचा नाही. कुठल्याही घरात वजन करणारी बाई खाली बसते, तर काचच खालून बघायची हवी. मी तिथूनच दादांना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "म्हणजे नवीन साचे? नवीन नक्षी? परत सगळं?" मी म्हटलं, "काही नाही. नक्षी तीच, आकडे तेच. दोन्ही काचा मखमलीच्या यंत्रावर उलट्या फिरवून ठेवायच्या. घासण्याची दिशा बदलते, कल बदलतो." त्यांनी तिकडे कोणाला तरी मखमलीचं यंत्र कधी रिकामं असतं ते विचारलं. मग म्हणाले, "नमुना कर. मग बघू. आणि नाही दिसलं, तर मात्र बंद."

निघताना सरूबाईंनी येसरची दोन पाकिटं माझ्या पिशवीत घातली. वजन केलेलं नाही म्हणाल्या, अंदाजानं भरलंय. मला दाखवण्यापुरता लावला तेवढाच, एरवी त्या आताही काट्याला हात लावत नव्हत्या.

पुणे

आल्यावर, हातपाय धुवायच्या आतच, जिन्यात वहिनींनी विचारलं, "मग, भेटलं का कोणी?" मी म्हटलं, भेटलं, आणि त्यांच्या हातात एक पाकीट दिलं.

धूळबंद खोलीत पांढरा झगा, टोपी, तोंडाला पट्टी, असं सगळं घालून मी यंत्रापाशी उभी राहिले. काचेचा ताव अर्धा फिरवला, मखमलीच्या रुळाखालून सोडला. पलीकडे कार्यालयात कोणाचं तरी लग्न लागत होतं. काम इतकं सोपं होतं की मला भीती वाटली. पुढचं नेहमीचं: गोळ्या, डिंक, भट्टी, मग हवा काढून घेतलेल्या पेटीत द्रव भरणं, तोंड बंद करणं, दोन्ही अंगांना उजेड गाळणारी फिल्म चिकटवणं. पहिली काच तयार झाली तेव्हा मी ती टेबलावर उभी करून जमिनीवर बसले. दिसली. पण मला कारखान्यात दिसणं वेगळं आणि तिथे दिसणं वेगळं, हे आता कळलं होतं. मी परत तिकीट काढलं.

परत

या खेपेला पिंगळीला उतरले. एप्रिल लागला होता. करडई कापून झालेली, रानं काळी उघडी पडलेली, आणि ऊन असं की वहिनींच्या टोपीची आठवण झाली. संगीतानं स्टेशनावरच कैरीचं पन्हं पाजलं आणि वाटभर पुढे बघून स्कूटी चालवली. तीही घाबरली होती बहुतेक.

खोलीत सगळ्या होत्या. मी जुनी काच काढली, नवी बसवली, स्क्रू आवळले आणि काटा चौरंगावर ठेवला. संगीतानं नवीन कुंकू लावलं. मग मी फोनवर दादांना जोडलं आणि आवाज मोठा करून फोन सतरंजीवर ठेवला. ते म्हणालेच होते, "मला त्या बायकांच्या तोंडून ऐकायचंय, तुझ्या नको."

"सरूबाई, करा वजन," मी म्हटलं.

"संगी करील," त्या म्हणाल्या.

"आज्जी," संगीता म्हणाली, "तुमीच."

सरूबाई पुढे सरकल्या. पाकीट ठेवलं. मान वर केली. त्या बघत राहिल्या, इतका वेळ की मी मनात माझी काच बंदच करून टाकली.

"दोनशे नऊ," सरूबाई म्हणाल्या.

त्यांनी चिमूट काढली. "दोनशे पाच." अजून एक चिमूट. "दोनशे एक." मग बोटांच्या टोकांनी अगदी थोडं उचललं आणि मान खाली न घालता, गुडघ्यांवर न उठता, बसल्या जागेवरून म्हणाल्या, "दोनशे."

मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं. फोनमधून दादांचा आवाज आला, "आजी, आकडे नीट वाचता येतात का?"

सरूबाईंनी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत फोनकडे.

"मला पहिल्यापासनं वाचता येतंय," त्या म्हणाल्या. "तुमाला दाखवता येत नव्हतं."

संगीतानं घाबरून पदर तोंडाला लावला. मग दादा खाकरले आणि म्हणाले, "खरंय. आजी, चुकलं आमचं." आणि मला म्हणाले, "नीला, पुढच्या काचा पण अशाच घासायला घेतो. तू ये सावकाश."

सरूबाईंनी पाकीट मिटलं, बाजूला ठेवलं आणि दुसरं उचललं.